उचल : एपिक थिएटरच्या वर्गातल्या नोंदी

५ जुलै

दुसऱ्या वर्षाच्या नाट्यशास्त्राच्या मुलांना या सत्रात एपिक थिएटर आहे. म्हणजे जर्मन नाटककार ब्रेख्तचं नाटक, प्रेक्षकाला गोष्टीत वाहून न नेता अंतर ठेवून विचार करायला लावणारं. ब्रेख्तवरच्या प्रश्नांची उत्तरं गाइडमधून पाठ आहेत, करून मात्र कुणी पाहिलेलं नाही. म्हणून या वेळी व्याख्यान बंद. आठवड्याला एक लांब तालीम, शेवटी वीसेक मिनिटांचा प्रयोग. बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, नाट्यगृह नाही. कॉलेजचा पत्र्याचा हॉल आहे, पाऊस लागला की त्यात संवाद ऐकू येत नाहीत. पुढच्या वर्षी कुणाला हेच करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून लिहून ठेवत आहे.

संहिता म्हणून आधी ब्रेख्तचं 'द एक्सेप्शन अँड द रूल' डोक्यात होतं. वाळवंट ओलांडणारा व्यापारी, त्याचा हमाल. हमाल पाण्याची बाटली पुढं करतो, व्यापाऱ्याला तो दगड वाटतो, तो गोळी झाडतो. कोर्ट व्यापाऱ्याला सोडून देतं. हमालाला इतकं छळलेलं होतं की तो मारायलाच आला असणार असं वाटणं रास्तच, असं कोर्टाचं म्हणणं. गोष्ट मुलांना लगेच पटली. अडचण हक्कांची. ब्रेख्त १९५६ साली गेला, आपल्या कायद्यातली साठ वर्षं उलटली. पण त्याच्या बऱ्याच नाटकांना सहलेखक आहेत, त्यांची मुदत वेगळी मोजावी लागते, आणि अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो. एवढं निस्तरण्यापेक्षा मांडणी तेवढी घ्यायची आणि गोष्ट आपली लिहायची असं ठरलं.

गोष्ट शोधायला लांब जावं लागलं नाही. वर्गात विचारलं, ऊसतोडीला घरचं कोण जातं? निम्म्याहून जास्त हात वर. उचल, म्हणजे तोडणीआधी मिळणारी आगाऊ रक्कम, वाटायचे दिवसही हेच. पात्रं तीन: मुकादम (उचल देऊन तोडणीची टोळी जमवणारा), गडी, बाई. नावं द्यायची नाहीत.

जाता जाता एक व्यायाम घेतला. भूमिका मध्येच सोडून प्रेक्षकांशी थेट बोला. मुलांनी मजेत केला, बघणाऱ्यांनाही मजा आली, दचकलं कुणीच नाही. दचकणार कसं? बतावणीतला सोंगाड्या पिढ्यान्‌पिढ्या तेच करतो, कीर्तनकार अभंग अर्ध्यावर टाकून समोरच्याला टोमणा मारतो. जर्मनीत ज्याचा धक्का बसला ते आपल्या जत्रेत रोजचं आहे. त्यामुळं या व्यायामावर वेळ घालवायचा नाही. प्रेक्षकांशी बोललं की एपिक झालं, हा समज आधी काढायला हवा.

१२ जुलै

रस्त्यावरचा प्रसंग. ब्रेख्तच्या १९३८ च्या सुमाराच्या निबंधातला हा व्यायाम सगळ्यात स्वस्त: अपघात पाहिलेला माणूस जमलेल्या लोकांना तो कसा झाला ते दाखवतो, बस. स्टँडच्या कोपऱ्यावर मोटारसायकल आणि काळी-पिवळीची धडक हा प्रसंग घेतला, कारण तो तिथं दर महिन्याला होतो.

पहिला मुलगा उठला आणि थेट जखमी झाला. लोळला, कण्हला, 'आई गं' झालं, टाळ्या पडल्या. अपघात कुणामुळं झाला ते बघणाऱ्यांतल्या एकालाही सांगता आलं नाही. दुसऱ्यानं काळी-पिवळीचा ड्रायव्हर अगदी हुबेहूब केला, पान खाण्यासकट. तोही निकामी.

मग एकच अट घातली: दाखवणारा साक्षीदार आहे, चूक कुणाची ते ठरायला लागेल तेवढंच दाखवायचं. पान गेलं, कण्हणं गेलं. राहिलं ते ड्रायव्हरचं मागं वळून प्रवाशाकडून सुटे पैसे घेणं आणि मोटारसायकलवाल्याचं मान वाकडी करून मोबाइल खांद्यात धरणं. दोन साक्षीदार केले, एक काळी-पिवळीचा दुसरा ड्रायव्हर, एक भाजीवाली. हालचाल तीच, पण एकानं सुट्या पैशांवर जोर दिला, दुसरीनं मोबाइलवर. इथं वर्गात पहिल्यांदा भांडण लागलं आणि ते नाटकावर नव्हतं, अपघातावर होतं. असं झालं की समजायचं गाडी रुळावर आहे.

करणाऱ्यांसाठी: खरा, ताजा, जवळच्या माणसाचा अपघात घेऊ नका. एका मुलीनं तो घेतला आणि तास तिथंच संपवावा लागला.

१९ जुलै

तालमीपुरत्या तीन युक्त्या ब्रेख्तनं सांगितल्या आहेत: संवाद तृतीय पुरुषात बोलायचा, भूतकाळात बोलायचा, रंगसूचना मोठ्यानं म्हणायच्या. तिन्ही एकदम लावल्या. 'तेव्हा बाई उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, की अंगात ताप आहे.'

पहिला तास वाया. सगळ्यांचा सूर मालिकांमागच्या निवेदनाचा, गंभीर, घोगरा. वाक्यं तृतीय पुरुषात, पण गळा पहिल्याच पुरुषात दाटलेला. उपाय वेगळाच निघाला. हातानं काम करत बोलायला लावलं. मेसमधून शेंगा मागवल्या, फोडत फोडत सांगा म्हटलं. शेंग फोडताना गळा दाटत नाही. आवाज खाली आला, माहिती सुटी सुटी ऐकू यायला लागली. हॉलभर टरफलं झाली, शिपाईमामांची बोलणी खावी लागली.

हे फक्त तालमीसाठी आहे, प्रयोगात ठेवायचं नाही. मुलांना ते इतकं आवडलं की प्रयोगही असाच करू म्हणायला लागली. नाही. संवाद परत प्रथम पुरुषात आणायचा, मागं उरलेलं अंतर तेवढं ठेवायचं.

२६ जुलै

मुलांनी लिहिलेला पहिला खर्डा उभा केला. मुकादम उचल देतो, जोडपं फडावर जातं, बाई आजारी पडते, मुकादम खाडा लावतो, म्हणजे गैरहजेरीचे पैसे कापतो. शेवटी बाई उसाच्या ढिगाऱ्यावर कोसळते. मुकादमाला मिशा, खाकरून हसणं.

बघणारा वर्ग रडला. करणारी मुलगीही रडली. खोलीतलं वातावरण फार चांगलं होतं आणि आपल्या कामाच्या दृष्टीनं सगळं फसलं होतं. रडून झाल्यावर विचारलं, मुकादमानं किती पैसे कापले? कुणालाच सांगता येईना. का कापले? 'तो वाईट आहे म्हणून.' माणूस वाईट असला की चांगला मुकादम आणला म्हणजे प्रश्न सुटला, नाटकाला काही कामच उरत नाही.

यात मुलांचा दोष नाही, खुद्द ब्रेख्तलाही हे चुकलं नाही. 'मदर करेज' १९४१ साली झुरिकला झालं तेव्हा लोकांना ती पोरं गमावलेली दुःखी आई वाटली. युद्धावर धंदा करणारी व्यापारीण त्यांना दिसली नाही. त्यानं काही जागा बदलल्या, तिचा हिशोबीपणा वाढवला, आणि १९४९ मध्ये बर्लिनमध्ये हेलेन वायगल या नटीला घेऊन पुन्हा केलं. तिथंही लोक रडलेच. तेव्हा अश्रू आले म्हणून वही मिटायची नाही, हिशोब वाढवायचा.

२ ऑगस्ट

हिशोब अक्षरशः वाढवला. रंगमंचावर फळा आणला, कॉलेजचाच, चाकांचा. आकडे मुलांनी घरून विचारून आणले. २०२४ च्या जानेवारीत ठरलेला तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये. कोयत्याला, म्हणजे नवरा-बायको मिळून, उचल एक लाख धरली. दिवसाला दोन टन.

१,००,००० भागिले ३६६. उत्तर २७३ टन आणि वर थोडं. याआधीचा दरही २७३ च्या आसपास होता, त्यामुळं एकाला वाटलं दर चुकून उत्तरात उतरलाय. त्यानं पुसलं, पुन्हा भागाकार केला, पुन्हा तेच. हा गोंधळ इतका खरा होता की तो प्रयोगात ठेवला.

२७३ टनांना १३७ दिवस. आठवड्याची खर्ची, म्हणजे घरखर्चाला मुकादमाकडून मिळणारे आणि उचलीतच धरले जाणारे पैसे, दीड हजार; पाच महिन्यांचे ढोबळ वीस आठवडे धरले तर तीस हजार. म्हणजे फेडायचे १,३०,०००. पाच महिने एकही खाडा न करता तोडलं तर ३०० टन, १,०९,८०० रुपये. बाकी २०,२००. ती पुढच्या वर्षीच्या उचलीत.

हे सगळं बाईचं काम करणारी मुलगी फळ्यावर करते, प्रवेश चालू असताना, पाठमोरी. मागं मुकादम आणि गडी चहा पितात, पावसापाण्याचं बोलतात. मिशा काढल्या, खाकरणं काढलं. आता मुकादम मायाळू आहे, 'चल वहिनी, दवाखान्याचं मी बघतो' म्हणतो आणि दवाखान्याचे पैसे वहीत मांडतो. मायाळू मुकादम जास्त अंगावर येतो.

आकडे आमच्या प्रवेशाचे आहेत. दुसरीकडे करणाऱ्यांनी आपल्या भागातले विचारून घ्यावेत, भागाकार मात्र प्रेक्षकांदेखतच करावा. आधी लिहून आणलेला फळा कुणी वाचत नाही.

१० ऑगस्ट

गेस्टस, म्हणजे माणसांमधलं नातं उघड करणारी हालचाल. गाइडमध्ये याची अर्धं पान व्याख्या आहे. आम्ही एवढंच केलं: पैसे देण्या-घेण्याचा प्रसंग बिनशब्द, आणि बघणाऱ्यानं सांगायचं की कोण कुणाचं काय लागतं.

पहिल्या खेपेला नुसती मूकाभिनयाची कसरत झाली, हवेतल्या नोटा, हवेतली वही. खऱ्या वस्तू आणल्या. वही, शाईचं पॅड, चुरगळलेल्या नोटा (वीसच्या, आत कोरे कागद). वस्तू हातात आल्यावर हात खरे झाले. मुकादम जीभ लावून नोटा मोजतो. गडी दोन्ही हात पुढं करतो. एका मुलाला आठवलं की त्याच्या घरी वही आली तेव्हा आई अंगठा पुढं करून बसली होती, पण पॅड तिच्यापुढून तसंच वडिलांकडं गेलं. कोयत्यात दोघं, वहीत नाव एक. तेवढंच घेतलं. बाईचा अंगठा वर येतो, पॅड पुढं सरकतं, ती अंगठा पदराला पुसते. त्यावर शाई नाहीच.

त्यावर तासभर काम केलं. जलद केलं तर दिसत नाही, सावकाश केलं तर केविलवाणं होतं. शेवटी मुलीला सांगितलं, तुला वाईट वाटलेलं नाही, तुला घाई आहे, चुलीवर दूध आहे. जमलं.

१७ ऑगस्ट

पडदा आणि दिवे. नाटकवाल्यांनी ही नोंद नीट वाचावी, बाकी सगळं डोक्यानं सुटतं, हे सुटत नाही.

ब्रेख्तचा अर्धा पडदा हवा होता, वरून मागची हलवाहलव दिसत राहील असा. मुलं म्हणाली, म्हणजे अंतरपाट. मांजरपाट आठ मीटर आणला, पाच फुटांवर दुमडून शिवला, वर कड्या. दोन बांबूंमध्ये साधी जीआय तार. ती ताणली की बांबू एकमेकांकडं झुकायचे, सैल सोडली की मध्ये झोळ पडायचा आणि कड्या त्या झोळात येऊन बसायच्या. पडदा अर्ध्यावर अडकला की मुलं हसायची आणि एपिक आहे ना, म्हणून समर्थन करायची. अडकलेला पडदा एपिक नसतो, तो अडकलेला पडदा असतो. तार बदलून पातळ वायर रोप घेतली, एका टोकाला टर्नबकल (फिरवून ताण वाढवायचा स्क्रू), आणि दोन्ही बांबूंना मागून खिडकीच्या गजांना दोरीचा ताण. आता एका हातानं सरकतो.

दिवे पांढरे, लख्ख, उघडे. दोन एलईडी फ्लड, ५० वॅटचे. समोरून लावले तर नटांना प्रेक्षक दिसेनात आणि पाठमोऱ्या मुलीच्या सावलीनं फळा झाकला. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांवर चढवले, सावली दुभंगली, फळा वाचता आला. प्रेक्षकांच्या डोक्यावरच्या ट्यूबही चालू ठेवल्या.

पाट्यांचा घोळ वेगळा. एकानं उत्साहानं फ्लेक्स करून आणला, त्यावर 'शोषण!' आणि कोयत्याचं चित्र. ४५० रुपये गेले. पाटीनं पुढं काय होणार ते आधीच सांगून टाकायचं असतं, म्हणजे बघणारा 'पुढं काय' सोडून 'कसं झालं' बघतो. खोक्यांच्या पुठ्ठ्याला चुना मारून साध्या अक्षरात लिहिलं: 'बाई एक दिवस आजारी पडते. ५०० रुपये जातात.'

२४ ऑगस्ट

गाणं. मुलांनी पोवाडा बांधला, हलगी आणली. हलगी वाजली आणि हॉल पेटला, शिट्ट्या. चाल सुरेख, शब्दही बरे, पण पोवाड्यानंतर फळ्यावरचा हिशोब कुणाला बघवेना. रक्त सळसळल्यावर भागाकार होत नाही.

मग 'तीन पैशाचा तमाशा'बद्दल बोललो. ब्रेख्तच्या 'थ्री पेनी ऑपेरा'वरून पु. ल. देशपांड्यांनी बेतलेलं, जब्बार पटेलांनी १९७८ मध्ये बसवलेलं. तिथं गाणं गोष्टीला पुढं ढकलत नाही, गोष्टीच्या शेजारी उभं राहतं. कुर्ट वाइलच्या मूळ चालींतही गोड सुरात खुनांची यादी येते. आमच्याकडं गोड चाल कोणती? एका मुलीची आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते. तिनं चाल फोनवर म्हणवून घेतली आणि त्या चालीत खर्चीचा हिशोब बसवला: तेल, मीठ, पीठ, दवाखाना, बाकी. गाणं सुरू होताना मुलगी कोयता खाली ठेवते, ट्यूबखाली येऊन गाते, संपलं की कोयता उचलते. हलगीवाला नाराज आहे. त्याला पाट्या बदलताना एक-एक ठोका दिलाय, तो ठोका चांगला लागतो.

८ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीनं लय गेली. अर्धा वेळ आठवण्यात.

'हे नाही, तर ते' हा व्यायाम. पात्र निर्णय घेतं तेव्हा न घेतलेला निर्णयही दिसला पाहिजे. मुलांनी तो प्रत्येक वाक्याला लावला. 'मी चहा नाकारत नाही, तर घेतो.' दोन मिनिटांत तो विनोद झाला. दोनच जागा ठेवल्या: गडी पैसे मोजून न बघता खिशात टाकतो तिथं, आणि ताप असताना बाई फडावर जाते तिथं. दुसऱ्या जागेवर ती परत आत वळते, अंथरुणापर्यंत जाते, फळ्याकडं बघते, मग निघते. शब्द काढून टाकले.

एकीला 'मदर करेज'मधली वायगलची ती निःशब्द किंकाळी करायची होती, मोबाइलवर फोटो पाहिला होता. करून दाखवली, जबडा दुखेपर्यंत. पोकळ. कारण त्या किंकाळीआधी करेज मुलाच्या जिवाची लाच कमी करायला घासाघीस करत बसलेली असते, आणि त्यात उशीर होतो. घासाघीस नसेल तर नुसतं तोंड उघडं राहतं. आमच्या प्रवेशात तशी जागा नाही, किंकाळी रद्द.

१४ सप्टेंबर

प्रयोग. पहिल्या वर्षाची मुलं, मेसच्या मावश्या, काही पालक. उजेड चालू असल्यामुळं सुरुवातीला सगळे एकमेकांकडंच बघत होते, पोरं शूटिंग करत होती. फळ्यावर भागाकार सुरू झाला तसे काही मोबाइल खाली आले, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी उत्तर आधीच ओरडून सांगितलं. मुलीनं वळून 'बरोबर' म्हटलं. हे बसवलेलं नव्हतं.

अंगठ्याच्या जागेवर मावश्यांमध्ये कुजबुज. रडलं कुणी नाही असं म्हणवत नाही, पण थोडंच.

खरं नाटक नंतर झालं. एका मुलाचे काका मुकादम आहेत, ते आले होते. उठून म्हणाले, हिशोब खरा आहे पण अर्धा आहे. मला टनामागं वीस टक्के कमिशन मिळतं ते तुम्ही लिहिलंच नाही. आणि उचल घेऊन दोन कोयते आले नाहीत तर ती रक्कम मी कुठून भरतो तेही लिहिलं नाही. मला दारात उभा केलात, माझ्या दारात कोण येऊन उभं राहतं ते कुठाय?

त्यावर एक पालक बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, ते असू दे दादा, एका दिवसाच्या खाड्यात दोन टनांचे ७३२ तर बुडालेच, मग वर ५०० कशाचे? काकांनी गाडीचं, टोळीचं नुकसान सांगितलं. बाईंना पटलं नाही. एका मुलानं दोन्ही हिशोब फळ्यावर शेजारी शेजारी मांडायला घेतले, खडू संपला. शिपाईमामांनी कुलूप वाजवेपर्यंत लोक हलले नाहीत.

१८ सप्टेंबर

खर्च: मांजरपाट आणि शिलाई ६४०, रोप, टर्नबकल, कड्या ३८५, फ्लड १,३००, खोकी-चुना-रंग २१०, फ्लेक्स ४५०. एकूण २,९८५. फ्लेक्स वगळला तर २,५३५ मध्ये होतं. शेंगा मेसच्या खात्यावर.

पुन्हा करायचं आहे, दिवाळीनंतर नको, तोवर निम्मी घरं फडावर गेलेली असतील, म्हणून दसऱ्याच्या आत. बदल दोन. खाड्याचे ७३२ आणि ५०० वेगळे मांडायचे, ते आम्ही एकाच पाटीत गुंडाळले होते. आणि मुकादमाच्या कर्जाचा एक प्रवेश, त्यात मुकादम पाठमोरा फळ्यावर आणि वरचा कुणीतरी चहा पीत बसलेला. तो लिहायला पुतण्याकडंच दिला आहे. काकांना वाचून दाखवल्याशिवाय तो देणार नाही म्हणतो, आणि काका आधी वीस टक्क्यांचा आकडा दुरुस्त करून मागणार आहेत, टोळीतल्या माणसांना त्यातून काय द्यावं लागतं ते वजा करून.